आधी काय होतं

पिंप घेताना गिऱ्हाईक एकच विचारतं :
आधी काय होतं यात?
मी म्हणतो, साबण.
जरा शिकलेला दिसला तर, ग्लिसरीन.
मग तो टिचकी मारतो, शहाळ्याला मारावी तशी,
आणि साडेसातशेचे सातशे करायला बसतो.

लोट्याच्या वळणावर, वजनकाट्यामागे,
दाऊद हमदुले अँड सन्स.
सन्स भरुचला गेले.
मी आहे, चारशे निळी पिंपं आहेत
आणि पिंपं धुणारी पद्मिनी शिगवण.

कंपनीतून पिंप येतं तेव्हा पोटावर चित्र असतं :
वरून थेंब, खाली हात, हाताला पडलेलं भोक.
अंगणवाडीतलं पोरसुद्धा वाचेल.
पद्मिनी आधी ते चित्र खरवडते,
काथ्यानं नाही निघालं तर पत्र्यानं.
त्यानंतर पिंप कुणाचंच नसतं.

शेजारचा सुजय धोपट शिफ्ट इन्चार्ज आहे.
त्यानं एकदा चहा पिता पिता समजावलं :
इंटरमीजिएट, चाचा.
रंगाच्या आधीचं. गोळीच्या आधीचं.
रंग दुसरीकडे होतो, गोळी तिसरीकडे.
आपल्याकडे फक्त आधीचं.
मला ते लगेच पटलं.
पोरांना बारावीपर्यंत आम्हीही इथंच बनवतो.

पिंप मात्र इथंच राहतं.
एकात आमसुलं मुरतात, एकात भाताचं बी.
मार्चनंतर वरच्या कोंडांवर टँकर येतो,
तेव्हा दारोदार पिंपं उभी असतात, गावजेवणाला बसल्यासारखी.
खाडीत भोयांनी चार-चार बांधून तराफे केलेत.
मासळी घटली की माझी विक्री वाढते,
का, ते मी वहीत लिहीत नाही.

पहिली दहा-बारा वर्षं पद्मिनीचं नाक हीच माझी लॅब.
बूच काढून हुंगायची आणि सांगायची :
ह्यो आंबट. धुतला की जाईल.
ह्यो बदामासारखा. ह्यो पाण्याला नको.
ह्येला तर हातच लावू नका.
मी खडूनं खूण करायचो.
फुली गवंड्यांना,
गोल पाण्याला.

परवा ती सुरंगीचा वळेसर माळून आली.
मी म्हटलं, दरवळतंय गं, हायवेपर्यंत.
ती थांबली.
येतो वास? जावेनं घातलान डोक्यात.
माला कायपण कळत नाय आता.
चुलीवर भात करपला तरी पोरं सांगतात.

कधीपासून?

दोन वर्सं झाली असतील.

दोन वर्षं.
दोन वर्षं ती रोज बूच काढत होती,
डोळे मिटून हुंगत होती,
म्हणत होती, पाण्याला चालेल,
आणि मी गोल काढत होतो.
वही समोर होती. उघडली नाही.

मग हुंगायचीस कशाला?

तुम्ही बघत असायचात ना.
तिनं काथ्या पिळला.
नाय कळत म्हटलं असतं तर ठेवलं असतंत?

तेवढ्यात टेम्पो लागला. सहा पिंपं हवी होती,
मुलीचं लग्न, विहीर आटलेली.
त्यानं विचारलं, आधी काय होतं यात?
साबण ओठांवर आला होता.
मी बूच काढलं. वाकलो.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाक त्या भोकाला लागलं.

काहीच नाही.
ना आंबट, ना बदाम, ना साधं ओलं प्लास्टिक.
तळाशी वाटीभर पाणी, त्यात माझं डोकं.

मी सरळ झालो आणि म्हटलं, पद्मिनी, तो वळेसर दे जरा.
तिनं काढून दिला.
नाकाशी धरला. परत धरला.
मग आठवलं, परवाही मी दरवळतंय म्हटलं
ते फुलं दिसली म्हणून.
सुरंगी दिसली की माणसं म्हणतातच तसं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मी फुलांकडे.
टेम्पोवाल्यानं पिंपाला टिचकी मारली.
साडेसहाशेला देताय?